मिशाळचं लाकूड

माझ्या ताईच्या नवऱ्याला कोरं लाकूड बघवत नाही. कुठेही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. फर्निचरला पॉलिश करायचं त्यांचं वर्कशॉप आहे, हाताखाली चार माणसं आहेत आणि धंदा बरा चालतो, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर मी जळते म्हणून बोलते, असं ते म्हणतील. म्हणतातच. मी पार्सलच्या काउंटरवर काम करते म्हणून त्यांनी माझं नाव ‘पार्सलबाई’ ठेवलंय आणि दर वेळी त्या विनोदाला ते एकटेच हसतात. मी त्यांना भाऊजी म्हणते, अहोजाहो करते. मनातल्या मनात काय म्हणते ते इथे लिहायला बसले आहे.

त्यांच्या घरात शिरलं की माणसांआधी वॉर्निश भेटतं. जेवणाच्या टेबलावर काच, काचेवर चटई, चटईवर ताट. तुम्ही पेला खाली ठेवलात की भाऊजी बोलणं अर्धवट सोडून त्याच्याखाली काहीतरी सरकवणार. पाणी हा त्यांचा जन्माचा वैरी. लाकडाला पाणी लागू द्यायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर या माणसाचं आयुष्य गेलं, आणि त्यातूनच आपण मोठे विचारवंत झालो अशी त्यांची समजूत आहे. “पार्सलबाई, माणसानं कसं असावं? वरून बादलीभर ओता, आत थेंब जाता कामा नये!” केस चापून बसवलेले, बूट चकचकीत, नखं कापलेली. गिऱ्हाईक काहीही म्हणालं की “बरं” म्हणायचं आणि स्वतःला हवं तेच करायचं, ही त्यांची धंद्यातली पद्धत. घरातही तीच. माझी ताई लग्न झाल्यापासून ते “बरं” ऐकते आहे.

माझ्या काउंटरवर अशी पार्सलं येतात. चकचकीत कागद, रेशमी फीत, कोपरे असे दुमडलेले की नजर लागावी. हातात घेऊन जरा हलवलं की आत एखादी क्षुल्लक वस्तू मोकळ्या खोक्यात इकडून तिकडे आपटत असते. अशा पार्सलांना मी फार हलवत नाही. भाऊजींनाही मी कधी फार हलवून पाहिलं नाही, कारण आवाज काय येणार ते मला ठाऊक होतं.

पॉलिशचे दोन किस्से सांगते, म्हणजे माणूस कळेल. ताईची भाजी चिरायची लाकडी फळी होती, वापरून वापरून मधे खोलगट झालेली. एके दिवशी ती गायब झाली आणि दोन दिवसांनी आरशासारखी होऊन परत आली. त्यावर चिरलेल्या टोमॅटोला टर्पेंटाइनची चव होती. भाऊजींनी तो टोमॅटो खाल्ला आणि “फळी कशी दिसते बघ” म्हणाले. दुसरा किस्सा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यांच्या आईची चालायची काठी होती. साधी, खरबरीत, मुठीपाशी म्हातारीच्या हाताने काळवंडलेली. एकदा घरी पाहुणे यायचे होते म्हणून भाऊजींनी त्या काठीला मुठीपासून टोकापर्यंत पॉलिशचे तीन हात दिले आणि टोकाचं रबर शोभत नाही म्हणून काढून टाकलं. म्हातारी मोरीच्या दारात घसरली ती कायमची अंथरुणाला खिळली. पुढची सगळी वर्षं तिचं खाणंपिणं, धुणंपुसणं ताईने केलं. भाऊजी रोज संध्याकाळी दारातून विचारायचे, “काय, आज बरं वाटतंय ना?” आणि काठी दिवाणखान्यात उभी करून ठेवलेली असायची, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावी म्हणून. त्या काठीकडे मी अजून पाठ करून बसते.

सासू गेली, मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, तेव्हा ताईने एका दातांच्या दवाखान्यात काम धरलं. येणाऱ्यांची नावं लिहायची, फोन घ्यायचे, घाबरलेल्या मुलांना समजवायचं. तिथे बाकासमोर एक काचेची टाकी होती आणि टाकीत एकच मासा होता. सकर जातीचा, म्हणजे तोंडाने काचेला, दगडाला चिकटून राहतो आणि शेवाळ खरवडून खातो, तो. रंग चिखलासारखा, आकार चपटा, आणि नाकावर बोटभर मिशांचं जंगल. सुंदर म्हणावा असा त्याच्यात कणही नव्हता. दवाखान्यात येणाऱ्या मुलांनी त्याचं नाव मिशाळ ठेवलं होतं. ताई सांगायची, दात काढायला आलेलं पोर मिशाळला बघता बघता रडायचं विसरतं. डॉक्टरांनी वय झालं म्हणून दवाखाना बंद केला तेव्हा फर्निचर भाऊजींच्या ओळखीने कुणीतरी उचललं. टाकी आणि मिशाळ मात्र ताईने मागून घेतले. आमच्या ताईने स्वतःसाठी काही मागितलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

टाकी दिवाणखान्यात आली. भाऊजींनी तिच्याखाली कपाट करून दिलं, अर्थात पॉलिश केलेलं, आणि पाणी सांडू नये म्हणून सूचनांचा भडिमार केला. पण एक घोटाळा झाला होता. टाकीत पहिल्यापासून एक जुनं लाकूड होतं. हलवाहलवीत ते उचलायला गेलं तर हातात भुसा आला. आतून पार कुजलं होतं. ते फेकून दिलं आणि नुसत्या काचेत मिशाळ राहिला. थोड्याच दिवसांत त्याचं पोट आत गेलं. काचेला चिकटला की खालून बघताना कळायचं. जिथे गोलाई होती तिथे खड्डा. ताई फिशटँकवाल्याच्या दुकानात विचारून आली. तो म्हणाला, या जातीला नुसतं शेवाळ आणि गोळ्या पुरत नाहीत, याला खरवडायला लाकूड लागतं, ते थोडं थोडं पोटात गेलं तरच याचं पचन चालतं. लाकूड नाही मिळालं तर हा असाच झिजत जाईल.

ताईने घरी येऊन सांगितलं की दुकानात अशी तयार लाकडं मिळतात, एक आणते. झालं! भाऊजींची मिजास दुखावली.

“लाकूड विकत? माझ्या घरात? लोक हसतील गं! उद्या आणतो तुला लाकूड.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाचा एक पाय आणला. कातीव, लालसर, झळझळीत. मी तेव्हा तिथेच चहा पीत होते आणि तो माझ्या नाकात गेला.

“अहो, हे तो खाणार आहे,” ताई म्हणाली. “याला वॉर्निश आहे. विष आहे ते त्याला.”

“विष कसलं? याच्यावर आपण जेवतो!”

“जेवतो, पण टेबल खातो का आपण?” मी विचारलं. भाऊजींनी माझ्या बशीखाली कागद सरकवला आणि विषय संपवला.

मग ताईने स्वतःच काम हातात घेतलं. गावाबाहेर नदीच्या वळणावर पुराने आणून टाकलेली लाकडं पडलेली असतात, तिथे सुट्टीच्या दिवशी मला घेऊन गेली. मी सावली बघून बसले. ही आपली पदर खोचून एकेक लाकूड उचलते, वास घेते, नख रुतवून बघते. ओलं, हिरवट, चिकट डिंकाचं असेल तर टाकून द्यायचं. नख आत गेलं तर कुजकं, तेही टाकायचं. रंग किंवा खिळा दिसला तर हातही लावायचा नाही. शेवटी तिला एक सापडलं, उन्हाने वाळून राखाडी झालेलं, दगडासारखं कठीण, एका टोकाला बेचकं असलेलं. इतकं कुरूप लाकूड उचलून ती इतकी खूश झाली की मला हसू आलं. टाकीसाठी ते लांब होतं म्हणून गॅलरीत बसून तिने करवतीने त्याचे दोन तुकडे केले. एक नुसता ओंडका, दुसरा बेचक्याचा.

“बेचक्याचा तू ने,” ती मला म्हणाली. “तुझ्या मोरीत भिजू दे. दोन ठिकाणी असलेलं बरं.”

मला वाटलं, घरात जागा नसेल. मी काही विचारलं नाही.

त्या लाकडाचे जे लाड झाले ते मी सांगते, कारण भाऊजींनी ते सगळे डोळ्यांनी पाहिले होते. आधी ताठ ब्रशने घासून त्याची माती आणि सुटी साल काढली. साबण नाही, साबण लाकडात बसून राहतो आणि मग पाण्यात उतरतो. मग सगळ्यात मोठ्या पातेल्यात उकळलं. एक टोक आधी, मग उलटं करून दुसरं, कारण पूर्ण मावत नव्हतं. आतले किडे, बुरशी, जे काही असेल ते मरावं म्हणून. पाणी कडक चहासारखं झालं. ते ओतलं, नवं घेतलं, पुन्हा उकळलं. त्यानंतर बादलीत भिजत घातलं. पहिल्यांदा ते तरंगलं, म्हणून त्यावर फरशीचा तुकडा ठेवला. रोज सकाळी तपकिरी पाणी ओतायचं, नवं भरायचं. माझ्या मोरीतल्या तुकड्याचं हे काम मी करत होते, शिव्या देत. आठवड्यांमागून आठवडे गेले. पाण्याचा रंग फिका होत गेला आणि एक दिवस वरची फरशी काढली तरी लाकूड खालीच राहिलं. आत पुरेसं पाणी मुरलं होतं. ताई म्हणाली, आता ते बुडायला शिकलं. तिकडे मिशाळला ती तोवर काकडीच्या चकत्यांवर आणि उकडलेल्या भाजीवर कसंबसं जगवत होती. टाकीत लाकूड गेलं की त्यावर थोडे दिवस पांढरा बुळबुळीत थर येतो, त्याला घाबरायचं नाही, मासाच तो खाऊन टाकतो, असं फिशटँकवाल्याने सांगितलं होतं. ती त्या थराची सुद्धा वाट बघत होती.

भाऊजी गॅलरीत जाता-येता त्या बादलीपाशी थांबायचे. भिजणारं लाकूड! त्यांच्या दृष्टीने घरात कुणीतरी उघडानागडा बसला होता. एकदा त्यांनी ते बाहेर काढून उलटंपालटं करून पाहिलं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, “रेषा चांगल्या आहेत गं.” ताईने हातातलं काम ठेवलं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“अहो, नीट ऐका. याला पॉलिश लावायचं नाही. मासा हे खाणार आहे. लावलंत तर तो मरेल. कळलं ना?”

“बरं,” भाऊजी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एका हॉटेलमालकांना त्यांनी जेवायला बोलावलं होतं. त्या हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचं फर्निचर नव्याने करायचं घाटत होतं आणि ते काम भाऊजींना हवं होतं. घर तर झळकतच होतं, पण दिवाणखान्याच्या मधोमध ती टाकी, आणि टाकीत एक कुरूप मासा. मलाही जेवायला बोलावलं होतं, म्हणजे वाढायला. मी काउंटर बंद करून परस्पर तिकडेच गेले. दारातच टाकीवर नजर गेली आणि माझ्या हातातली पिशवी पडायची बाकी राहिली.

टाकीत ओंडका होता. काळपट लाल, तुळतुळीत, दिव्याखाली चमचम करणारा. बादलीतून काढून, वर्कशॉपमध्ये भट्टीजवळ वाळवून, घासून, घोटून भाऊजींनी त्याला चांगले चार हात दिले होते. इतके आठवडे पाणी पिऊन जे बुडायला शिकलं होतं ते आता पुन्हा तरंगत होतं, म्हणून व्यापारी मंडळाने त्यांना दिलेलं पितळी सन्मानचिन्ह त्याला तारेने बांधून खाली सोडलं होतं. पाण्यावर तेलकट तवंग इंद्रधनुष्यासारखा पसरला होता. माझ्या डोळ्यांसमोर मिशाळ आला, त्या चकचकीत सालीला तोंड लावून बसलेला. मी भाऊजींना काय बोलणार होते ते लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात हॉटेलमालक टाकीशी वाकले.

“छान आहे. पण मासा कुठाय?”

“लाकडामागे असतो,” भाऊजी हसत म्हणाले. “लाजाळू आहे.”

मी तोंड उघडलं तोच ताईने मागून माझा दंड धरला आणि मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. तिचा चेहरा शांत होता. त्यामुळे मी आणखी भडकले.

“अगं, मारलं त्यांनी त्याला! आणि तू सूप कसलं ढवळतेस?”

“हळू बोल. मिशाळ तिथे नाहीये. तुझ्याकडे आहे.”

“माझ्याकडे?”

“चार दिवसांपूर्वीच बादली रिकामी दिसली. आज पाहुणे यायचे, म्हणून सकाळी तू कामावर गेल्यावर गेले. तुझी किल्ली आहे ना माझ्याकडे. टाकीतलंच पाणी कॅनमध्ये भरून नेलं, हवेचं यंत्र नेलं, तुझ्या मोठ्या टबात ठेवलाय. बेचक्याचं लाकूड आहेच तिथे. मी निघाले तेव्हा त्याला चिकटून बसला होता.”

 तिने दोन तुकडे का केले, बेचक्याचा माझ्याकडे का दिला, ते आता माझ्या डोक्यात शिरलं. नवऱ्याला समोर उभं राहून स्पष्ट सांगायचं आणि तो ऐकणार नाही याचीही सोय करून ठेवायची, असला संसार होता तिचा.

“मग सांग ना त्यांना! आत्ता सांग, त्या हॉटेलवाल्यासमोर!”

“सांगेन की. विचारू देत. मासा कुठाय म्हणून विचारलं, की सांगणार, ते लाकूड काढा, टाकी धुवून द्या, मग आणते परत.”

“आणि नाही विचारलं तर?”

“न विचारायला काय झालं?” ती सुपाची चव घेत म्हणाली. “रोज टाकीसमोर तर बसतात. आज ना उद्या दिसेलच की. होता त्याचं नसणं कुणाला दिसत नाही का?”

त्या दिवसापासून माझ्या ताईचं सगळं त्या एका प्रश्नावर येऊन थांबलं. तिने तसं कबूल केलं नाही, पण मला दिसत होतं. रोज दुपारी ती माझ्याकडे यायची, मिशाळला काकडी द्यायची, पाणी बदलायची. टबाच्या जागी मी एक जुनी टाकी मिळवली. बेचक्यावर पांढरा थर आला, मिशाळने तो चार दिवसांत फस्त केला आणि मग लाकडावर बारीक ओरखडे दिसायला लागले. त्याचं पोट भरलं. काचेला चिकटला की खालून गोल दिसायचा. ताई जाताना पायात चपला घालत रोज म्हणायची, “आज विचारतील बघ.” मला भाऊजींचा तिटकारा होताच, पण त्या दिवसांत मला ताईचाही राग यायला लागला. असल्या माणसाकडून एवढीशी अपेक्षा ठेवायची तरी कशाला?

भाऊजींनी विचारलं नाही. हॉटेलचं काम मिळालं, त्यामुळे माणसांची ये-जा वाढली आणि प्रत्येकाला टाकी दाखवणं आलं. ते चिमटीत खाद्य घेऊन रिकाम्या पाण्यात टाकायचे. “आम्ही पाहत असलो की येत नाही तो. आपण गेलो की खातो.” खाद्य तळाशी साचून सडत होतं. कुणी लाकडाचं कौतुक केलं की कुठल्या लाकडाचं आहे, किती हात दिलेत, झळाळी कशी आणली, यावर व्याख्यान व्हायचं. एकानेही मासा पाहिला नाही आणि एकानेही फार आग्रह धरला नाही. भाऊजींच्या घरी येणारी माणसं भाऊजींसारखीच असतात.

मग पाण्याला वास सुटला. एका सकाळी भाऊजी नाक दाबत स्वयंपाकघरात आले. हे मला ताईने नंतर सांगितलं, सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता.

“टाकीला घाण येतेय. तुझा तो मासा काहीतरी करतोय.”

“मासा करतोय?” ताईने विचारलं.

“मग कोण? मी? बघ जरा त्याच्याकडे. आज लोक यायचेत.”

ताई त्यांच्याकडे पाहत राहिली. ते घड्याळाचा पट्टा लावत होते. तिला वाटलं, आता तरी ते मागे वळून टाकीकडे बघतील, शोधतील, आणि मग विचारतील. त्यांनी पट्टा लावला, बुटांवर फडकं मारलं आणि निघाले. ज्या माशाला ते दोन महिने बघत नव्हते, त्याच्यावर वासाचा आळ घेऊन मोकळे झाले. मला हे ऐकून इतकी चीड आली की मी हातातली सुतळी कापायच्या ऐवजी दातांनी तोडली.

ताईने त्या दिवशी टाकी उपसली, काच धुतली, पॉलिश केलेला ओंडका पुन्हा आत ठेवला, सन्मानचिन्हासकट, आणि स्वच्छ पाणी भरलं. मग कपड्यांची एक पिशवी भरली. संध्याकाळी भाऊजी आल्यावर म्हणाली, “मी बहिणीकडे जाते.”

“बरं,” भाऊजी म्हणाले. आणि ती दाराशी पोचल्यावर, “अगं, दाराला हात लावू नकोस हं, कडी धर. ताजं आहे.”

तिने कडी धरली आणि आली. किती दिवसांसाठी, ते त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. माझ्या दोन खोल्यांत तिने खिडकीकडचा पलंग घेतला. पिशवी मात्र रिकामी केली नाही. पलंगाखाली ठेवली, रोज त्यातून कपडे काढायची, धुऊन परत त्यातच ठेवायची. जवळच्या एका शाळेत तिने कार्यालयातलं काम बघून ठेवलं होतं, पण होकार कळवला नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “बघू.” मला कळलं, ही अजून त्या प्रश्नाची वाट बघतेय. मासा कुठाय विचारलं, तर पाठोपाठ तू कुठे आहेस तेही विचारतील, असं काहीतरी तिच्या मनात असणार.

एक दिवस ताईची शेजारीण पार्सल द्यायला माझ्या काउंटरवर आली. इकडचंतिकडचं झाल्यावर म्हणाली, “तुमच्या ताईला बरं नाही का? बऱ्याच दिवसांत दिसली नाही. परवा आम्ही गेलो होतो त्यांच्याकडे, तर तुमचे भाऊजी म्हणाले, आत आहे, जरा पडलीय. काल दुसरे कुणी आले होते, त्यांनाही तेच सांगितलं. आत आहे म्हणाले.”

मी पार्सलाला शिक्का मारायचा तो बाजूच्या कागदावर मारला. घरी जाऊन हे सांगावं की नाही याचा रस्ताभर विचार केला. पण माझ्या पोटात काही राहत नाही. सांगितलं. ताई बटाटे सोलत होती. तिने साल एका लांबीत काढत नेली, तुटू दिली नाही.

“आत आहे म्हणाले?”

“हो.”

“पडलीय म्हणाले?”

“हो.”

 बटाटे झाल्यावर ती हात पुसून मिशाळच्या टाकीसमोर जाऊन बसली. तो बेचक्यात शेपटी बाहेर ठेवून बसला होता.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. पडद्यावर भाऊजींचं नाव. ताई आल्यापासून त्यांचं नाव उमटायची ती पहिलीच वेळ. मी ताईला खूण केली आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. टेबलावर काच नाही, चटई नाही, चहाच्या पेल्यांचे डाग आहेत.

“पार्सलबाई! ताई आहे ना तिकडे? दे जरा.”

“ऐकतेय,” ताई म्हणाली.

“अगं, हॉटेलमालक आणि त्यांच्या मिसेस आल्यात. त्यांना मासा बघायचाय. हटूनच बसल्यात. मी दिवा लावून पाहिलं, लाकूड हलवून पाहिलं. दिसतच नाही गं. मासा कुठाय?”

विचारलं. एवढे महिने तिने ज्याची वाट पाहिली ते त्यांनी विचारलं. मी ताईकडे पाहिलं आणि खरं सांगते, माझा जीव घाबरा झाला. तिचा हात पलंगाखालच्या पिशवीकडे जातोय असं मला वाटलं. ही आता हो म्हणेल, ओंडका काढा म्हणेल, मिशाळला कॅनमध्ये घालेल आणि निघेल. या माणसाने एक प्रश्न टाकला आणि हिचं सगळं भरून पावलं, असं होणार, या भीतीने मी फोनकडे हात नेला. तिने तो बाजूला केला.

“आणखी काही विचारायचंय?” ती म्हणाली.

“आणखी काय? मासा कुठाय तेवढं सांग ना पटकन, माणसं खोळंबलीत.”

“आणखी काहीच नाही?”

“अगं, काय काय? हो, ते मऊ फडकं कुठे ठेवतेस तू, पिवळं? पण आधी मासा.”

ताई हसली. असं हसताना मी तिला तिच्या लग्नाआधी पाहिलं होतं.

“लाकडामागे असेल,” ती म्हणाली. “नीट बघा. आणि माझं कुणी विचारलं, तर सांगा, आत आहे.”

तिने फोन बंद केला. पलंगाखालून पिशवी ओढली, सगळे कपडे काढले आणि माझ्या कपाटातला एक खण रिकामा करायला लावला. मी माझ्या साड्या वरच्या खणात कोंबत असताना तिने काकडीची एक चकती कापून टाकीत सोडली. ती तळाला जाऊन बसली, आणि मिशाळ बेचक्यातून बाहेर आला.